आंदोलन: झोक्यापासून रास्ता रोकोपर्यंत

आमच्या सांगली-मिरज पट्ट्यात आंदोलन म्हटलं की हंगामाच्या तोंडाला ऊसदराचं आंदोलन, अडवलेले ट्रॅक्टर, टायरची सोडलेली हवा, एवढंच डोळ्यासमोर येतं, पण मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडं हाच शब्द काढला तर बोलणं तारेवर जातं आणि खरं तर जुना अर्थ तिथंच शिल्लक आहे.

संस्कृतात दोला म्हणजे झोपाळा. त्यावरून आंदोलन म्हणजे झोके घेणं, इकडून तिकडं जाऊन परत येणं. डोलणं, डोली, दोलायमान ही सगळी त्याचीच भावकी.

गाण्यात हा शब्द लई जुना. तेराव्या शतकात शारंगदेवानं देवगिरीला संगीतरत्नाकर लिहिला, त्यात 15 गमक, म्हणजे स्वर हलवायचे प्रकार, सांगितलेत, त्यातला एक आंदोलित, म्हणजे स्वर सरळ उभा न करता हळू झोक्यावर ठेवायचा. दरबारी कानडा रागातला कोमल गंधार (ग) ऐका, जागेवर थांबतच नाही, धैवतही (ध) तसाच. कंपित हा गमक वेगळा, त्यात स्वर भराभर थरथरतो, हे दोन्ही एकच समजून गाणारे दरबारीची पार वाट लावतात (माझं मत, राग नको).

पुढं तारेची कंपनं मोजायलाही हाच शब्द घेतला. संगीताच्या पुस्तकांत षड्जाची (सा) आंदोलनसंख्या सेकंदाला 240 धरतात, मग पंचम (प) 360 आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, 480. आता आपण हर्ट्झ म्हणतो तेच. या हिशेबात आपल्याच भागातला एक माणूस पार बुडालेला, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर. सप्तकातल्या 22 श्रुतींवर, म्हणजे स्वरांच्या बारीक जागांवर, त्यांचं इंग्रजी पुस्तक 1910 ला आलं, अब्दुल करीम खाँसाहेबांची त्यांना साथ होती, आणि क्लेमंट्स नावाच्या आयसीएस जज्जाबरोबर त्यांनी श्रुती हार्मोनियमचा, म्हणजे या श्रुती वाजतील अशा पेटीचा, घाट घातला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र संगीतशास्त्री भातखंड्यांना ते काही पटलं नाही.

राजकारणात मराठीला आधी चळवळ जवळची, स्वदेशीची चळवळ, चले जावची चळवळ. तीही मुळात हालचालच, पण झोका नव्हे. आंदोलनाचा वापर वाढला त्यात हिंदीचा हात असावा असं मला वाटतं. आता तर दोघांची वाटणीच झालीय, वर्षानुवर्षं चालते ती चळवळ आणि ज्याच्यामुळं आज एसटी पुढं सोडत नाहीत ते आंदोलन.