स्टिअरिंग व्हीलसाठी ‘गेमिंग डिस्ट्रो’च लागतो का?

‘रेसिंग व्हीलचा फोर्स फीडबॅक हवा असेल तर गेमिंगचा खास लिनक्स टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. फोर्स फीडबॅक म्हणजे गेममधल्या घडामोडींप्रमाणे व्हीलने हाताला दिलेला जोर. व्हीलला जोर मिळतो तो कर्नेलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरमुळे, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममुळे. डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीच्या, नावाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून आधी व्हील पाहा. लॉजिटेक जी२९ चा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे, पण तो मुख्यतः सलग एका दिशेचा जोर देतो. स्प्रिंग (व्हील मध्यावर परत ओढणारा), डॅम्पर (फिरवताना विरोध करणारा) हे परिणाम हवे असतील तर ‘न्यू-एलजी४एफएफ’ मॉड्यूल (कर्नेलला जोडायचा ड्रायव्हर) वेगळं घालावं लागतं. थ्रस्टमास्टर टी३००आरएसला ‘एचआयडी-टीएमएफएफ२’ हे वेगळं मॉड्यूल लागतं. मोझाच्या व्हीलबेसचा (व्हीलमागच्या मोटरच्या भागाचा) ड्रायव्हर कर्नेल ६.१५ मध्ये आला. डेबियन १३ चा मूळ कर्नेल ६.१२ आहे, तेव्हा मोझावाल्यांनी त्यात हा ड्रायव्हर आहे का ते आधी पाहावं; नसेल तर फेडोरा किंवा आर्चसारखा नवा कर्नेल लवकर देणारा डिस्ट्रो घ्यावा. जी२९ ला डेबियनही चालतो.

वेगळं मॉड्यूल डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) घालताना कर्नेल हेडर्स, म्हणजे त्या बांधणीला लागणाऱ्या फाइल्स, आधी बसवा. ते नसतील तर पुढच्या अपडेटनंतर मॉड्यूल नव्याने बांधलं जात नाही आणि काल घट्ट असलेलं व्हील आज हातात सैल फिरतं. सिक्युअर बूट (सही तपासूनच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर बांधणी नीट होऊनही सही नसलेलं मॉड्यूल लोड होत नाही. बॅझाइटसारख्या गेमिंग डिस्ट्रोत मूळ सिस्टिम फक्त वाचता येते, तिथे डीकेएमएसची ही वाट अवघड. आपलं मॉड्यूल आधीच त्यात आहे का, हे बघूनच निवडा.

गेम उघडण्यापूर्वी ‘एफएफटेस्ट’ हा फोर्स फीडबॅक तपासणारा छोटा प्रोग्राम चालवा. तिथे व्हील ओढलं गेलं तर ड्रायव्हर ठीक आहे, दोष प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या) किंवा गेमच्या सेटिंगमध्ये शोधा.