पुरवठा साखळीतील भागीदारी

पुरवठा साखळीतील भागीदारी : खरेदीदार आणि पुरवठादार यांनी रोजच्या देण्याघेण्यापलीकडे जाऊन माहिती, गुंतवणूक आणि जोखीम दीर्घकाळ वाटून घेणे. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमातील भागीदारी वेगळी. तिथे पेढी एक असते आणि तिच्या देण्यांना प्रत्येक भागीदार बांधील असतो. इथे दोन्ही धंदे आपापले राहतात.

बहुतेक खरेदीला अशा नात्याची गरज नसते. वाशीच्या बाजार समितीत कांदा घेणारा आज या गाळ्यावर, उद्या शेजारच्या गाळ्यावर जातो. माल हातात घेऊन पाहता येतो, भाव समोर असतो. तिथे एकालाच बांधून घेतले, तर घासाघीस करायची सोय जाते.

चित्र पालटते ते साच्यापाशी. औषधाच्या बाटलीला खास आट्यांचे झाकण हवे असेल, तर वसईच्या प्लास्टिक कारखानदाराला त्यासाठी पोलादी साचा करवून घ्यावा लागतो. तो साचा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. कारखानदाराचा पैसा अडकतो. तसे झाकण दुसरीकडे तयार मिळत नाही, म्हणून औषध कंपनीही अडकते. अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यमसन (नोबेल, २००९) यांच्या व्यवहारखर्चाच्या (सौदा ठरवण्याच्या आणि पाळण्याच्या खर्चाच्या) मांडणीत अशाच एका नात्यापुरत्या गुंतवणुकीला मध्यवर्ती स्थान आहे. साच्याचे पैसे कोणी भरायचे, तो कोणाच्या नावावर आणि ऑर्डर थांबली तर कोण उचलून नेणार, हे प्रश्न पडू लागले की भागीदारीची वेळ आली असे समजावे. उत्तरे मात्र साचा करवून घेण्याआधीच कागदावर हवीत.

व्यवस्थापन सल्लागार पीटर क्रालिच यांनी १९८३ मध्ये दोन कसोट्या दिल्या : नफ्यावरचा परिणाम आणि पुरवठ्यातला धोका. दोन्ही मोठे, तिथेच भागीदारी शोभते.

लहान पुरवठादाराने तिसरी कसोटी लावावी, आणि ती सर्वांत महत्त्वाची : उधारी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराशी लेखी करार असला, तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तरीही नवी ऑर्डर हातची जाईल या भीतीने व्याज मागायला अनेक जण धजत नाहीत. जुनी बिले तुंबवणारा ग्राहक पुढच्या सहा महिन्यांच्या मागणीचा खरा अंदाज देईल, यावर विसंबून साचा करू नये. रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ट्रेड्स (TReDS) या ऑनलाइन मंचांवर खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँक मुदतीआधी वटवते. आपले बिल तिथे मान्य करायला कंपनी तयार आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचारावे.