अजगराचे दोन चावे: भीतीचा आणि भुकेचा

पाळलेला अजगर चावला की लोक म्हणतात, ‘चिडला असेल.’ बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. पण मोठ्या अजगराचा जो चावा जिवावर बेततो, त्यात राग नसतो आणि भीतीही नसते. म्हणूनच ‘आमचा फार शांत आहे हो’ असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते.

भीतीचा चावा आधी सांगून येतो. अजगर मान आखडून घेतो, जोरात फुत्कारतो, तोंड मारतो आणि लगेच सोडतो. कात टाकायच्या दिवसांत डोळ्यांवर दुधी पडदा येतो, नीट दिसत नाही, तेव्हा तो जास्तच बिचकतो. विष नसतं, पण दात सुईसारखे, त्यामुळे रक्त भरपूर येतं. जखम साबण-पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा: धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, तुटलेला दात आत राहिलाय का, हे त्यांनीच बघायचं.

भुकेच्या चाव्याआधी फुत्कार ऐकू येत नाही. जीभ भराभर आतबाहेर होते, डोकं हळूहळू पुढं सरकतं. ओठांवरच्या खाचांनी अजगराला ऊब कळते. हाताला उंदराचा किंवा सशाचा वास असेल, तर तो ऊबदार हात त्याच्या लेखी भक्ष्यच. मग झडप, आणि क्षणात विळखा. दात मागं वळलेले असल्यानं हात ओढला की मांस फाटतं. विळख्यात फक्त श्वास कोंडतो असं आपण समजतो. अजगरासारखाच विळखा घालणाऱ्या बोआ सापावरच्या २०१५ सालच्या अभ्यासात मात्र विळख्यातल्या उंदरांचा रक्तप्रवाहच काही सेकंदांत कोलमडलेला दिसला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९९६ साली १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच १३ फुटी बर्मी अजगराच्या विळख्यात मरण पावला. जवळच खोक्यात अजगरासाठी आणलेली कोंबडी होती.

अमेरिकेतले जाणते पाळणारे म्हणून पिंजरा उघडला की थेट हात घालत नाहीत. आधी लांब हुकानं अजगराच्या अंगाला हलकेच स्पर्श करतात. हुक लागला म्हणजे आज खाणं नाही, हे त्याला सवयीनं कळतं. खाणं लांब चिमट्यानंच द्यायचं, आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. आठ फुटांच्या वरचा अजगर एकट्यानं हाताळायचा नाही. गळ्यात घालून फोटो तर नकोच नको.

(आपल्याकडचा भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणं गुन्हा. घराजवळ दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.)

विळखा पडलाच तर सोडवायची सुरुवात शेपटीकडून करायची, एकेक वेढा उलगडत. डोक्याकडून ओढलं की तो आणखी आवळतो. हात तोंडात अडकला असेल तर मागं न खेचता थोडा आत ढकलायचा, म्हणजे दातांची पकड सैल होते. विळख्यातल्या माणसाला हे सगळं एकट्यानं जमत नाही. खाणं देताना खोलीत दुसरा मोठा माणूस हवा तो यासाठीच.