सेकंडहँड गाडीच्या ब्रेकमधलं पाणी

सेकंडहँड गाडी घेताना बरेच जण डिपस्टिक ओढून इंजिन ऑइल काळं झालंय का तेवढं बघतात. डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. सर्व्हिसची कागदपत्रं मिळाली नाहीत तर रंग बघत बसू नका; इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. कूलंटही बदला. त्यातली गंजरोधक द्रव्यं कालांतराने संपतात आणि नळाचं पाणी ओतून ती परत येत नाहीत. एवढं बहुतेक गॅरेजवाले सांगतात. ब्रेक ऑइलबद्दल विचारलं की मात्र उत्तर येतं, "लेव्हल बरोबर आहे, कशाला बदलता?" हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

लेव्हल उतरते ती मुख्यतः पॅड झिजल्यामुळे किंवा गळतीमुळे. पॅड झिजले की कॅलिपरमधले (म्हणजे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागातले) पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतला द्रव खाली जातो. तो द्रव चांगला आहे की खराब, हे त्यावरून कळत नाही.

हा द्रव खनिज तेल नाही. साधारणतः ग्लायकॉल ईथर असतो. (त्यात चुकून इंजिन ऑइल घातलं तर ब्रेकमधले रबरी सील फुगून निकामी होतात.) त्याच्या रेणूंमधले ऑक्सिजनचे अणू पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतात. त्यामुळे रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून शिरणारं बाष्प तो शोषत राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर हवेत बाष्पाला तोटाच नसतो. हे शोषणं तसं उपयोगाचंच आहे. पाणी विरघळलं नाही, तर ते कॅलिपरच्या तळाशी साचून गंज धरेल आणि थेट 100 अंशांना उकळेल.

विरघळल्याची किंमत मात्र मोजावी लागते. डॉट 3 दर्जाचा (हे ब्रेक ऑइलच्या प्रतीचे आकडे, डब्यावर लिहिलेले असतात) कोरडा, म्हणजे पाणी न शिरलेला, द्रव किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. इतक्याशा पाण्याने एवढा फरक का पडावा? वजन सोडा, रेणू मोजा. पाण्याचा रेणुभार 18, तर ग्लायकॉल ईथरचा सुमारे 164 धरू. 100 ग्रॅम मिश्रणातल्या 3.7 ग्रॅम पाण्याचे 0.21 मोल होतात आणि उरलेल्या 96.3 ग्रॅमचे 0.59. म्हणजे दर चार रेणूंमागे जवळपास एक रेणू पाण्याचा! राउल्टच्या नियमानुसार मिश्रणावरचा पाण्याच्या वाफेचा दाब याच प्रमाणात असतो. 140 अंशांना शुद्ध पाण्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 3.6 पट असतो. त्याचा चौथा हिस्सा 0.9. हवेच्या दाबाच्या इतकं जवळ पोचलं की द्रव उकळायच्या बेतात येतो. प्रयोगशाळेतला आकडा कागदावरच्या हिशेबाशी असा जुळला की मला फार आनंद होतो.

आता घाट घ्या. माणसांसकट 1,500 किलोची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरते. हजार मीटर उतरताना सुमारे 1.47 कोटी जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात चाळीसेक लिटर पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं, नाहीतर बराचसा ब्रेकवर येतो. पेडल दाबलेलं असताना आतल्या दाबामुळे द्रव उकळत नाही. पाय उचलला की दाब पडतो आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पुढच्या वळणावर पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल पूर्ववत कडक होतं आणि मेकॅनिकला दोष सापडत नाही. मग दृष्ट लागल्याची चर्चा होते आणि बंपरला लिंबू-मिरची टांगली जाते. त्याने एक अंशही उत्कलनबिंदू वाढत नाही.

बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी हा द्रव बदलायला सांगतात. जुना कधी भरला ते माहीत नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या बदला. नुसता टॉप-अप पुरत नाही, चारही चाकांवरून जुना द्रव काढून टाकावा लागतो. आणि सीलबंद डबा समोर फोडायला सांगा. महिनोन्महिने अर्धवट उघडी राहिलेली बाटली आधीच पाणी पिऊन बसलेली असते.