गोमांसाचे वाफेने पाश्चरीकरण

कत्तलखान्यात जनावर सोलून व आतडी काढून उरलेल्या धडाच्या पृष्ठभागावरचे जंतू वाफेने मारण्याची प्रक्रिया. अमेरिकेतील मोठ्या कत्तलखान्यांत ती १९९०च्या दशकाच्या मध्यापासून रुळली. दुधाचे पाश्चरीकरण करताना सगळे दूध तापवावे लागते. इथे मात्र फक्त वरचा पातळ थर तापवायचा असतो, आतले मांस कच्चेच राहिले पाहिजे.

हे शक्य होते, कारण निरोगी जनावराच्या स्नायूत आतमध्ये जंतू जवळजवळ नसतात. ते बाहेरून येतात: कातडीला चिकटलेल्या शेणामातीतून, सोलणाऱ्याच्या सुरीतून आणि हातातून, कधी फाटलेल्या आतड्यातून. त्यामुळे अख्खा तुकडा बाहेरून नीट भाजला की बराचसा धोका टळतो. खिम्याचे तसे नाही. यंत्रातून निघताना वरचे जंतू थेट आत मिसळतात, शिवाय एकाच घाण्यात अनेक जनावरांचे मांस असते.

याची किंमत मुलांनी मोजली. १९९२-९३च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट शिजलेले हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण होते ई. कोलाय ओ१५७:एच७. या जंतूच्या विषाने, विशेषतः लहान मुलांची, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कच्च्या मांसातले जंतू ही शिजवणाऱ्याची जबाबदारी, असा तोवरचा सरकारी विचार होता. १९९४मध्ये अमेरिकी कृषी खात्याने हा जंतू आढळलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला आणि जबाबदारी स्वयंपाकघरातून कारखान्यात गेली. हे आधीच व्हायला हवे होते.

धड शीतगृहात जाण्याआधी बंद कक्षातून सरकते. आधी त्यावरचे पाणी झटकून काढतात. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पाण्याचा थर राहिला तर उष्णता त्यातच खर्च होते आणि खालचे जंतू वाचतात. मग साधारण सहा ते आठ सेकंद वाफ सोडतात. पाण्याच्या फवाऱ्यातून सुटणाऱ्या घडीखाचांतही ती शिरते आणि पृष्ठभाग ९० अंश सेल्सियसच्या आसपास पोचतो. लगेच गार पाण्याचा फवारा. आत गेलेले लालबुंद धड बाहेर येते तेव्हा वरून राखाडी दिसते; थंड झाल्यावर रंग पुष्कळसा परततो.

कढत पाण्याने धुणे हा साधा पर्याय. त्यासाठी पाणी ७४ अंश किंवा अधिक लागते. शेणाचे छोटे डाग काढायला वाफ सोडून घाण शोषणारे हातयंत्र वापरतात. युरोपीय संघात धडावर पिण्यायोग्य पाण्याखेरीज काही चालत नसे. २०१३मध्ये जंतू मारणाऱ्या लॅक्टिक आम्लाला परवानगी मिळाली.

जंतू ९९ टक्के घटले तरी दहा हजारांतले शंभर उरतात, आणि ई. कोलाय ओ१५७:एच७चे शंभराहून कमी कणही आजाराला पुरतात. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंशांवर शिजवावा लागतो. रंगावर विसंबू नये, थर्मामीटर खुपसून पाहावा. काही खिमा त्याआधीच तपकिरी दिसू लागतो.