द्विहस्त लयसमन्वय

द्विहस्त लयसमन्वय : दोन हातांनी एकाच वेळी वेगवेगळ्या लयीचे आघात करताना त्यांचा मेळ राखण्याची क्रिया. दोन्ही हात आपापली स्वतंत्र मोजणी चालवतात, असे ऐकणाऱ्याला वाटते. सरावलेला वादक मात्र बहुधा एकच गुंफलेली चाल वाजवत असतो. तिचे आघात तेवढे दोन हातांत वाटलेले असतात.

तिनास दोन, म्हणजे एका हाताच्या तीन आघातांच्या वेळात दुसऱ्याचे दोन, हे त्याचे सोपे उदाहरण. सहा समान मात्रा धराव्यात. उजवा हात १, ३, ५ वर पडतो, डावा १ आणि ४ वर. म्हणजे समेवर (पहिल्या मात्रेवर) दोन्ही हात एकत्र, मग उजवा-डावा-उजवा लागोपाठ. २ आणि ६ रिकाम्या. ही ओळ तोंडाने म्हणत मांडीवर वाजवली की हात फारशी कुरकुर करत नाहीत. चारास तीनला बारा मात्रा लागतात, पाचास चारला वीस. तिथे आकडे मोजत बसण्यात अर्थ नाही, बोलच पाठ हवेत. तबल्याचा विद्यार्थी हातावर ताल धरून आड (दीडपट) लयीत पढंत करतो, म्हणजे बोल तोंडाने म्हणतो, तेव्हा तोही तिनास दोनच साधत असतो. फक्त एका हाताचे काम जिभेकडे असते.

हातांची मूळ ओढ एकमेकांसारखे वागण्याची आहे. दोन्ही तर्जन्या एकाच दिशेने, म्हणजे दोन्ही डावीकडे मग दोन्ही उजवीकडे, हलवत वेग वाढवला की एका टप्प्यावर त्या आपोआप आरशातल्यासारख्या, एकदम आत आणि एकदम बाहेर हलू लागतात. संशोधक केल्सो यांनी १९८४ मध्ये हे नोंदवले. १९८५ मध्ये हाकेन व बुन्झ यांच्यासह त्याचे गणिती प्रारूप मांडले. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारे तंतू शस्त्रक्रियेने छेदलेल्या रुग्णांना दोन हातांनी दोन निराळ्या आकृत्या सहज काढता येतात, पण हातांच्या वेळा जुळलेल्याच राहतात, असे १९९६ मध्ये दिसले. वेळेची सांधणी त्या तंतूंवरच अवलंबून नसावी, असा त्याचा अर्थ.

नाशिक ढोलात एका पानावर (ढोलाच्या एका तोंडावर) टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, आणि दुसऱ्यावर उघड्या हाताची थाप असते. नवख्याची थाप वेग वाढला की टिपरूमागे ओढली जाते, ती हातांच्या एकमेकांसारखे वागण्याच्या याच ओढीने. मिरवणुकीत अवघड भाग माणसांत वाटलेला असतो : बारीक तुकडे ताशाच्या दोन काड्यांकडे, ठोका ढोलाकडे. एकट्याने दोन्ही लयी पेलायच्या असतील, तर जलद लय सरावाच्या हाताला दिलेली बरी.