सेटिंग बदलता, म्हणजे नेमकं काय उघडता?

ई-निविदा भरणारे ठेकेदार आणि सीएंच्या ऑफिसातली मंडळी, यांतल्या अनेकांना एक सूचनापत्रक तोंडपाठ असतं. एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउजरमध्ये 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोड' चालू करा, इंटरनेट ऑप्शन्समध्ये जा, सिक्युरिटी, कस्टम लेव्हल, आणि अ‍ॅक्टिव्हएक्सच्या (वेबपानातून विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्याच्या जुन्या तंत्राच्या) खाली दिसेल ते सगळं 'एनेबल' करा. मग डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे सहीची किल्ली असलेला यूएसबी तुकडा, ओळखला जातो आणि काम पार पडतं. त्यातून एक समज घट्ट झाला आहे: ब्राउजर उगाच अडवतो, सेटिंग बदललं की 'त्या साइटचा' प्रोग्रॅम चालतो, बाकी काही बिघडत नाही. हा समज चुकीचा आहे. परवानगी आपण एका प्रोग्रॅमला देतोय असं वाटतं, प्रत्यक्षात ती भलत्याच मोठ्या जमावाला मिळते.

मुळात ब्राउजर हा दिवसभर परक्यांचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम आहे. जवळपास प्रत्येक पानासोबत जावास्क्रिप्टमधला कोड येतो आणि तुमच्याच प्रोसेसरवर चालतो. तरीही त्याला तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर वाचता येत नाही. ऑनलाइन अर्जाला फोटो जोडताना फाइल निवडायची जी चौकट येते, ती पान नव्हे, ब्राउजर उघडतो. तुम्ही निवडलेली तेवढीच फाइल पानाच्या हाती लागते. शेजारच्या फायलींची नावंसुद्धा त्याला कळत नाहीत. या बंदिस्त व्यवस्थेला सँडबॉक्स म्हणतात.

मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये आणलेल्या अ‍ॅक्टिव्हएक्सला सँडबॉक्सच नव्हता. अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल म्हणजे सरळ विंडोजचा प्रोग्रॅम, तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालणारा. तो उतरवून घेताना ब्राउजर पाहायचा ते एवढंच, की यावर बनवणारा म्हणून डिजिटल सही कोणाची आहे. 1997 मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या मंडळींनी टीव्हीवर दाखवून दिलं की असं कंट्रोल क्विकन या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप पैसे पाठवण्याचा आदेश घुसवू शकतं. सहीवरून कर्ता कळतो. प्रोग्रॅम काय करणार आहे, ते कळत नाही.

पण सगळ्यात विलक्षण यंत्रणा याच्या पुढची आहे, आणि सूचनापत्रक नेमकं तिलाच हात घालतं.

विंडोजमध्ये 'कॉम ऑब्जेक्ट' नावाचे असंख्य घटक आधीपासून बसवलेले असतात. एक फायली वाचतो आणि पुसतो. डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेल नावाचा दुसरा घटक संगणकावरचा हवा तो प्रोग्रॅम सुरू करतो. ते संगणकाच्या मालकाच्या कामांसाठी केलेले आहेत, पण इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये वेबपानातली स्क्रिप्टही त्यांना नाव घेऊन बोलावू शकते. अशा वेळी ब्राउजर एक खूण शोधतो, 'सेफ फॉर स्क्रिप्टिंग'. ही खूण कोण लावतं? घटक बनवणाराच! एक तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, तशी नोंद असते, नाही तर ब्राउजर आयऑब्जेक्टसेफ्टी या इंटरफेसमधून थेट घटकालाच विचारतो की अनोळखी पानाने तुला आज्ञा दिल्या तर चालेल का. घटक स्वतःच उत्तर देतो आणि ब्राउजर ते मान्य करतो. शेलसारख्या घटकांवर ती खूण नसते, म्हणून पानाची विनंती फेटाळली जाते.

आता कस्टम लेव्हलमधली ती ओळ आठवा, सुरक्षित अशी खूण नसलेली कंट्रोल्स सुरू करू द्यायची का, असं विचारणारी. ती एनेबल केली की ब्राउजर ही विचारपूसच सोडून देतो. निविदेच्या कंट्रोलपुरती नाही, तर त्या झोनमधल्या (विंडोज साइट्सचे 'इंटरनेट', 'ट्रस्टेड साइट्स' असे गट करतं, त्यांतल्या त्या गटातल्या) प्रत्येक पानासाठी आणि संगणकावरच्या प्रत्येक घटकासाठी. मग पानातल्या दोन ओळी शेलला बोलावून त्याच्याकडून हवं ते करवून घेऊ शकतात. काही डाउनलोड करावं लागत नाही. सहीचाही प्रश्न उरत नाही, कारण घटक मायक्रोसॉफ्टचाच, तुमच्याकडे आधीच असलेला. अँटिव्हायरसला ताईत समजणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा: त्याने पकडावी अशी परकी फाइल सुरुवातीला असतेच कुठे? गळ्यात बांधला की बाधा टळते असा ताईत नसतो आणि तसं सॉफ्टवेअरही नसतं, जाहिरात काहीही म्हणो.

खूण लावणाऱ्यांनीही मोठ्या चुका केल्या आहेत. डिस्कवर फाइल लिहू शकणारा स्क्रिप्टलेट डॉट टाइपलिब हा घटक 'सेफ' म्हणून नोंदला गेला होता. 1999 मध्ये बबलबॉय नावाच्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, त्याचाच वापर केला; आउटलुकमध्ये ईमेल उघडली की पुरे, जोडलेल्या फाइलवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींनी लोकांच्या संगणकात लपून बसणारं सॉफ्टवेअर घातल्याचं उघड झालं. ते काढण्यासाठी कंपनीने वेबवरून जे अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल दिलं, तेही 'सेफ' खुणेसह संगणकात मागे राहायचं आणि कोणत्याही साइटच्या सांगण्यावरून कोड उतरवून चालवायचं. दुरुस्तीला आलेल्या लोकांना आणखी मोठं भगदाड मिळालं.

दक्षिण कोरियात तर हा प्रकार देशभर पसरला. अमेरिका तेव्हा कडक एन्क्रिप्शन असलेले ब्राउजर बाहेर जाऊ देत नव्हती, म्हणून कोरियाने सीड हा स्वतःचा 128 बिटांचा सायफर, म्हणजे माहिती गुप्त करण्याची पद्धत, बनवला आणि तो अ‍ॅक्टिव्हएक्समधून ब्राउजरमध्ये बसवला. बँक असो वा खरेदी, इन्स्टॉल करण्याच्या प्रश्नाला 'होय' म्हणणं ही लोकांची सवय झाली. त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या, ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राचं कायद्यातलं खास स्थान डिसेंबर 2020 मध्ये गेलं.

आपल्याकडे काम अडलंच असेल, तर धोका आवळता येतो. ही सेटिंग्ज विंडोजच्या प्रत्येक यूजरसाठी वेगळी असतात, म्हणून निविदेसाठी वेगळं यूजर अकाउंट करा आणि बदल फक्त तिथेच करा. 'इंटरनेट' झोनला हात लावू नका. ट्रस्टेड साइट्समध्ये नेमका एकच पत्ता घाला आणि तिथली एचटीटीपीएसची (साइटची ओळख तपासणाऱ्या सुरक्षित जोडणीची) टिक काढू नका. ती काढून साधा एचटीटीपी पत्ता घातला, तर लॉजच्या वायफायवर बसलेला कोणीही त्या नावाने स्वतःचं पान पाठवू शकतो आणि विंडोज त्याला विश्वासू मानतं. एजमध्ये यादीतलीच पानं इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या इंजिनात उघडतात आणि हाताने घातलेली नोंद 30 दिवसांनी गळते, ही उत्तम सोय आहे. पण त्या पानाच्या आतल्या चौकटीत दुसऱ्या साइटचं पान आलं तर तेही त्याच इंजिनात चालतं. पूर्वी सगळंच एनेबल करून ठेवलं असेल, तर सिक्युरिटी टॅबवरचं 'रीसेट ऑल झोन्स टू डिफॉल्ट लेव्हल' हे बटण दाबा.

सही करणारी नवी साधनं अ‍ॅक्टिव्हएक्स वापरत नाहीत. ती तुमच्या संगणकावर 127.0.0.1 या पत्त्यावर छोटा सर्व्हर चालवतात, आणि पान त्याच्याशी बोलतं. इथे सगळी मदार त्या सर्व्हरवर असते: विनंती कोणत्या साइटवरून आली, हे तो तपासतो का? तपासत नसेल, तर शेजारच्या टॅबमधलं पानही त्याच्याकडे सही मागू शकतं. डोंगल लावलेला असेल आणि पिन एकदा टाकल्यावर लक्षात ठेवला जात असेल, तर ती सही होऊनही जाईल. म्हणून निविदा भरून झाली की डोंगल लगेच काढा.